मीटर रूममधलं मतदान

“माझ्याकडे कागद मागताय? माझ्याकडे?”

ताई तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून ओरडत होत्या आणि खाली नोटीस बोर्डापाशी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी टाचण्यांची डबी हातात धरून उभे होते. ताईंचा आवाज नुसता सांगून पटायचा नाही. मनवेलपाड्याच्या नाक्यावरची शेअर रिक्षा त्या सकाळी चौथी सीट भरायच्या आत सुटली, आणि विरारमध्ये असं त्याआधी कधी घडलेलं नाही. आमच्या गच्चीवरची कबुतरं उडाली ती थेट वालीवच्या कारखान्यांवर जाऊन बसली आणि पहिली पाळी सुटल्यावरच परत आली. टँकरवाला पाइप हातात धरून तसाच उभा राहिला. अर्धा टँकर पाणी त्याने आमच्या तुळशीला घातलं.

“वहिनी, तुमचं नाव कुठंच लिहिलेलं नाही,” सेक्रेटरी मान वर करून म्हणाले. “‘कोणत्याही कंपनीचा प्रतिनिधी’ असं लिहिलंय.”

“ह्या बिल्डिंगीत प्रतिनिधी किती आहेत?”

“एक.”

“मग नाव लिहायचं काय बाकी ठेवलंत?”

सेक्रेटरींनी यावर थोडा विचार केला आणि चौथी टाचणी मारली.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर. त्यांच्या कढईत फोडणी पडली की शिंक आमच्या घरात येते. त्या सिंधुदुर्गातल्या, मी घाटावरची, आणि दोघींचे नवरे सख्खे भाऊ. हे दोघे भाऊ मिळून वर्षभरात जेवढं बोलतात तेवढं ताई एका सकाळी दुधवाल्याशी बोलतात. सासरी आल्यावर ताईंनी साड्यांना फॉल लावले, मसाले कांडून विकले, गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी घेतल्या. या सगळ्या वर्षांत त्यांना कोणी वहिनी म्हणालं, कोणी काकू म्हणालं, कोणी ‘ओ मसालेवाल्या’ म्हणालं. मग एक गुंतवणूक कंपनी आली, तिने त्यांना आपली प्रतिनिधी केलं आणि मॅडम म्हटलं.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तरी उपयोग नाही. असल्या कंपन्यांची नावं अशी असतात की वाचताना बँक वाटते आणि वाचून झाल्यावर देवस्थान वाटतं. ती लोकांकडून पैसे घ्यायची आणि काही वर्षांनी दुप्पट करून द्यायची. मधल्या काळात त्या पैशांचं काय करायची, हे कंपनीचे साहेब दर रविवारी आमच्या गच्चीवर पडदा लावून दाखवायचे. सागाची झाडं, शेळ्या, डोंगरातलं एक हॉटेल. शेळी एकच होती, पण तिचे फोटो इतक्या बाजूंनी काढले होते की कळप वाटावा. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा विचारलंही, की ही सगळीकडे सारखीच कशी हसते. साहेब म्हणाले, आपल्या कंपनीत शेळीसुद्धा समाधानी असते. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. चहा चांगला होता.

ताईंना कंपनीने मरून रंगाचा कोट दिला होता. तो त्या साडीवर घालायच्या. मे महिन्यातसुद्धा घालायच्या. मे महिन्यात विरारमध्ये कोट घालणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. आमच्याकडे त्या दिवसांत वाळत घातलेले पापड तळूनच खाली येतात. पण ताईंना घाम यायचा नाही. त्यांनी घामाला तशी ताकीद दिली असावी.

आणि एक खुर्ची होती. मूळ मुद्दा ती खुर्चीच. कंपनी वालीवला नवी शाखा काढणार होती, आणि साहेबांनी ताईंना शब्द दिला होता की दिवाळीपर्यंत आमच्या बिल्डिंगीतलं घर न् घर कंपनीत आलं तर शाखाप्रमुख त्याच. काचेचं केबिन, फिरती खुर्ची, टेबलावर नावाची पाटी. ताई ती जागा बघूनही आल्या होत्या. खुर्चीत बसून एकदा फिरल्याही होत्या. मला म्हणाल्या, “गे, एक फेरी मारलंय आणि समोर काय दिसला सांगू? माझा माहेर.” एवढी मोठी खुर्ची मी कधी पाहिलेली नाही, पण ताईंचा चेहरा पाहिला होता. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्या तशा दिसत नाहीत.

अशात फुलपाड्यात दुसरीच एक कंपनी गेली. गेली म्हणजे काय, सकाळी शटर खाली आणि वर लावलेला बोर्ड गायब. बोर्ड काढून नेला, याचंच मला नवल वाटलं. एवढे पैसे नेल्यावर बोर्ड तरी सोडायचा. मी भाजीला गेले होते. त्या बंद शटरसमोरच्या पायरीवर बायका बसल्या होत्या, कोणी भांडत नव्हतं, कोणी रडत नव्हतं. दवाखान्यात नंबर लावून बसतात तशा बसल्या होत्या. एकीने मला विचारलं, “तुमचे पण आहेत का?” मी नाही म्हटलं, तर तिने सरकून मला जागा केली. बसा तर खरं, असं म्हणाली. इथे मला अतिशयोक्ती करता येत नाही. होतं ते एवढंच.

त्याच आठवड्यात सेक्रेटरींनी ठराव लिहिला. ते साताऱ्याकडचे. पाटबंधारे खात्यात त्यांनी आयुष्य काढलं आणि तिथलं मराठी घरी आणलं. त्यांची बायको सांगते, ते भाजी आवडली असं म्हणत नाहीत, ‘भाजी समाधानकारक आहे’ असं म्हणतात. ठराव साधा होता. बाहेरच्या कोणत्याही कंपनीला आमच्या आवारात लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील तर तिने आधी सरकारची तशी परवानगी असल्याचं पत्र नोटीस बोर्डावर लावावं. पत्र लागेपर्यंत गच्चीवर सभा नाही, जिन्यात वसुली नाही. बस. कंपनी वाईट आहे असं कुठेही म्हटलं नव्हतं. फक्त कागद.

ठरावाला सूचक म्हणून ते स्वतः झाले. अनुमोदक कोणी होईना. साऱ्या कमिटीत महिलांच्या राखीव जागेवर निवडून आलेली मी. निवडून म्हणजे काय, पाणी गेलं होतं म्हणून मी खाली तक्रार करायला उतरले आणि सदस्य होऊन वर गेले. सेक्रेटरींनी कागद माझ्यापुढे धरला. मला ती पायरीवरची बाई आठवली. मी सही केली.

त्या सकाळी कठड्यावरून ओरडून झाल्यावर ताई खाली उतरल्या, ती सही बोर्डावर वाचली आणि वर आल्या. आता मात्र ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या नाहीत म्हणजे काय, ते आमच्या घरातल्या मांजरालाही कळतं.

“तू केलंस?”

“केलं.”

“माझी खुर्ची जायत, माहीत आहे ना तुला?”

“कंपनीने पत्र लावलं तर नाही जायची.”

“आणि नाय लावल्यान तर?”

“तर मग ताई, तुम्हाला त्या खुर्चीत कशाला बसायचंय?”

त्यांनी दार लावून घेतलं. त्यानंतर फोडणीचा वाससुद्धा आमच्याकडे यायचा बंद झाला. तो त्यांनी कसा अडवला, ते मला अजून कळलेलं नाही.

ठराव सभेत मताला पडायचा होता, म्हणून मग प्रचार सुरू झाला. मी विधानसभा पाहिल्या आहेत, महापालिका पाहिल्या आहेत, पण असा प्रचार पाहिला नाही. ताई घरोघर फिरल्या. पहिल्या मजल्यावर घावणे दिले, दुसऱ्यावर सोलकढी. जे कंपनीत पैसे घालायचे त्यांना त्या म्हणायच्या, “उद्या साहेब रागावले तर तुमचे पैसे कोण आणून देईल?” आणि जे घालायचे नाहीत त्यांना म्हणायच्या, “तुमचा काय संबंध?” दोन्ही मुद्दे बिनतोड. सेक्रेटरींचा प्रचार एवढाच, की ते जिन्यात भेटेल त्याला सोसायटीचे नियम, म्हणजे उपविधी, वाचायला द्यायचे. लोक जिना टाळायला लागले. बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाची फुलं येत, ती थांबली. कोणाला फूल पाठवलं तर कोणत्या बाजूचे समजतील, सांगता येत नव्हतं.

एक गोची मात्र खरी होती. पैसे घालत होत्या बायका, आणि मत होतं नवऱ्यांचं. सोसायटीत एका घराला एक मत, आणि ते ज्याचं नाव पहिलं त्याचं. आमच्याकडची पहिली नावं सकाळी अंधारात मुंबईला जातात आणि अंधारात परत येतात. त्यांना बिल्डिंगीचा रंगही नीट माहीत नाही. तेव्हा बायकांनी आपापल्या पहिल्या नावाला पढवून ठेवलं. माझ्या नवऱ्याला मी पढवलं आणि त्याच संध्याकाळी त्याला ताईंनी घावणे दिले. तो म्हणाला, “दोघींचंही बरोबर आहे.” मी म्हटलं, “मत एकच आहे.” तो म्हणाला, “म्हणूनच पंचाईत आहे.”

सभा ठेवली ती सोसायटीच्या सत्यनारायणाच्या रविवारी. मांडव घातलेलाच असतो, खुर्च्या आलेल्याच असतात, वेगळा खर्च नको. सकाळी मतदान, दुपारी मोजणी, संध्याकाळी पूजा. सेक्रेटरींचा आग्रह होता, मतदान गुप्तच हवं. हात वर करायला सांगितलं तर ताईंच्या देखत हात वर करील असा माणूस आमच्याकडे जन्मायचा आहे. मतदान केंद्र म्हणून मीटर रूम ठरली. ती एवढीशी की बारीक माणसाने आत जाऊन श्वास घेतला तर सोडायला बाहेर यावं लागतं. चौथ्या मजल्यावरचे काका अंगाने भारी. ते आत गेले आणि त्यांच्या पाठीने कुठलंसं बटण दाबलं गेलं, दुसऱ्या मजल्याची वीज गेली, आणि दुसरा मजला खवळून म्हणाला की आमच्या मतदारांवर दबाव येतोय. मतपेटी म्हणजे फरसाणाचा डबा. बोटाला शाई म्हणून सेक्रेटरींनी मार्कर पेन आणलं होतं. तो डाग माझ्या नवऱ्याच्या बोटावर इतका टिकला की पुढे खऱ्या निवडणुकीत त्याला दारातून परत पाठवतील अशी मला धास्ती होती.

मोजणी मांडवात झाली. अध्यक्ष मधल्या खुर्चीत. अध्यक्ष म्हणजे आबा, तळमजल्यावरचे. ताईंच्याच मुलखातले. गोदीतून निवृत्त झाले त्याला जमाना लोटला. ताई त्यांना वडिलांसारखं मानतात, त्यांची मासळीसुद्धा ताईच निवडून आणतात. आबा कमी बोलतात आणि जेव्हा बोलतात तेव्हा समोरच्याला वाटतं की आपणच काहीतरी बोललो.

सेक्रेटरी एकेक चिठ्ठी उघडून वाचत होते. बाजूने, विरोधात, विरोधात, बाजूने. एका चिठ्ठीवर दोन्हीकडे फुली होती.

“हे मत बाद,” सेक्रेटरी म्हणाले.

“बाद का?” माझा नवरा म्हणाला, आणि मग बोटावरचा डाग पुसायला लागला.

दुसऱ्या एका चिठ्ठीवर फुली नव्हतीच. तिच्यावर ‘टाकी कधी धुणार’ असं लिहिलं होतं. तीही बाद झाली, पण तिला मांडवात सगळ्यात जास्त पाठिंबा मिळाला. शेवटची चिठ्ठी वाचून सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या. दोन्ही ढीग सारखे.

“समसमान,” ते म्हणाले. “उपविधीप्रमाणे आता अध्यक्षांचं निर्णायक मत.”

सगळा मांडव आबांकडे वळला. ताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, कोट घालून. त्यांनी आबांकडे अशी नजर लावली की मला त्या नजरेसमोर उभं राहायला सांगितलं असतं तर मी माझ्या स्वतःच्या सहीविरुद्ध मत दिलं असतं.

आबांनी तंबाखूची डबी उघडली, आत बघितलं, बंद केली.

“भटजी इले?”

“येतायत,” कोणीतरी म्हणालं.

“मग आदी पूजा होवंदे. मत काय पळान जाता?”

सेक्रेटरी म्हणाले की सभा तहकूब करायला कारण नोंदवावं लागतं. आबा म्हणाले, नोंदव, भूक. सेक्रेटरींनी ‘अपरिहार्य कारणास्तव’ असं नोंदवलं.

संध्याकाळी पूजा झाली, आरती झाली. शिऱ्याच्या वासाने शेजारच्या दोन बिल्डिंगी आमच्या नातेवाईक झाल्या. आणि मग गाऱ्हाणं. हे मला सासरी आल्यावर कळलं, कारण आमच्या घाटावर देवाशी जो तो आपापलं मनात बोलतो. कोकणात तसं नाही. तिथे पूजा झाली की जाणता माणूस नारळ हातात घेतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगतो, की बाबा रे, असं असं आहे, सांभाळून घे. तो एकेक मागणं मागतो आणि थांबतो, आणि तो थांबला की जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, व्हय म्हाराजा. त्यात शब्द ऐकून, विचार करून होकार द्यायचा नसतो. सूर थांबला की तोंडातून येतं. लहानपणापासून आलेलं असतं. माझ्यासुद्धा आता येतं. एकदा बँकेत मॅनेजर बोलता बोलता तशाच सुरात थांबला आणि माझ्या तोंडून निघून गेलं. त्याने माझं काम लगेच केलं.

आबांनी नारळ घेतला. डोळे मिटले. मांडव उभा राहिला.

“बा देवा सत्यनारायणा, म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.”

“आज ह्या बिल्डिंगीतली सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत. तेंनी जी काय मोडकीतोडकी सेवा केली, ती गोड मानून घे रे म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.”

“जी कोण कामाधंद्याक भायर हत, तेंका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.”

“टाकी धुवची रवली हा, ती धुवन घेवची बुद्धी कमिटीक दे रे म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.” हे जरा जोरात झालं.

सगळ्यांत मोठा आवाज ताईंचा. नेहमीच असतो. आबा नारळ धरतात आणि ताई गाऱ्हाणं तोलतात, अशी आमच्याकडची रीत. त्या संध्याकाळी त्यांचा प्रत्येक व्हय खाडीपलीकडे पोचत होता आणि पलीकडून कोणीतरी व्हय म्हणून पोच देत होतं, असं माझं तरी मत आहे.

आबांनी श्वास घेतला. सूर तोच, ठेका तोच.

“आणि जो कोण कंपनीवालो ह्या गेटातून आत येवन लेकरांकडे पैसे मागात, तेणां आदी सरकारचो कागद बोर्डार लावूचो. कागद नसात, तर तेका आल्या वाटेन परत धाडूची ताकद आमका सगळ्यांका दे रे म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.”

आबांनी डोळे उघडले, नारळ फोडला, पाणी पाटावर सांडलं. मांडवात मात्र तो शेवटचा व्हय लोंबकळत राहिला. शेवटी संपला तो ताईंचा. त्यांचं तोंड अजून उघडं होतं. एकेकाच्या डोक्यात आपण काय बोललो ते उतरत गेलं आणि जसजसं उतरत गेलं तसतशी एकेक मान ताईंकडे वळली.

सेक्रेटरी हळूच पुढे आले. वही काखेत, पेन उघडलेलं.

“अध्यक्ष महोदय, हे आपलं निर्णायक मत समजायचं का?”

“माझा मत खयचा?” आबा खोबऱ्याचे तुकडे करत म्हणाले. “सगळ्यांनी व्हय म्हटला न्हय? तूपण म्हटलंस.”

सेक्रेटरी साताऱ्याचे, पण म्हटलं होतं त्यांनीही. ते अस्वस्थ झाले. उपविधीत आवाजी मतदान होतं, गाऱ्हाणं नव्हतं. त्यांनी पानं उलटली, पुन्हा उलटली, आणि शेवटी खुर्चीत बसून ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलं. लिहिलेलं दोनदा वाचून पाहिलं. पाटबंधारे खात्यात काही सर्वानुमते झालेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, आता मांडव उडणार. मी शिऱ्याचं पातेलं धरून ठेवलं. ताई आबांसमोर गेल्या.

“आबानु, मुद्दाम केल्यात?”

“नारळ हातात घेतल्यावर मी खय बोलतंय?” आबा म्हणाले. “देव सांगता ता बोलतंय.”

ताईंनी हात पुढे केला. आबांनी त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावला, खाल्ला आणि जिना चढून गेल्या. वर दार लागल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

बिल्डिंगीत पुढचे दिवस तर्क चालले. कोणी म्हणालं, ताई सहकार खात्याकडे तक्रार करणार, गाऱ्हाण्याने ठराव होत नाही म्हणून. आणि खरं सांगायचं तर तक्रार टिकलीही असती. सेक्रेटरी तर रात्रीचे जेवत नव्हते. त्यांच्या बायकोने सांगितलं, भाजी समाधानकारक असूनही जेवत नव्हते. कोणी म्हणालं, साहेब स्वतः येणार आणि सगळ्यांची समजूत काढणार.

साहेब आले. पुढच्याच रविवारी, पांढऱ्या गाडीतून, पेढे घेऊन. मी गॅलरीतून पाहिलं आणि चपला उलट्यासुलट्या घालून खाली पोचले. माझ्या आधी ताई गेटाशी होत्या. कोट नव्हता. घरातली साडी, हात पिठाचे. त्यांना गॅलरीतून गाडी माझ्याआधी दिसली होती.

“मॅडम, काय ऐकतोय मी?” साहेब हसत म्हणाले. “चला वर. गच्चीवर सगळ्यांना बोलवा. दहा मिनिटांत गैरसमज दूर करतो.”

“साहेब, ते पत्र,” ताई म्हणाल्या.

“कोणतं पत्र?”

“परवानगीचं. बोर्डावर लावायचं. फोनवर सांगितलं होतं तुम्हाला.”

“अहो, ते प्रोसेसमध्ये आहे. दिल्लीत आहे.”

“मग दिल्लीहून आलं की या.”

साहेबांनी गेटाच्या गजांतून हात घालून कडी चाचपली. ताईंनी आतून कडी धरली होती. गज आणि ताई यांच्यात मजबूत काय, हे साहेबांना चटकन समजलं. त्यांनी हात काढून घेतला आणि गाडीतून एक खोकं आणलं. उघडलं. आत ताईंच्या नावाची पाटी होती. पितळी, जाड, आणि नावाखाली ‘शाखाप्रमुख’. उन्हात ती अशी चमकली की समोरच्या वाण्याने डोळ्यांवर हात धरला.

“बघा. बनवून आणलीय. टेबलावर ठेवायची बाकी आहे.”

ताईंनी गजांतून ती हातात घेतली. पिठाचे हात लागले म्हणून पदराने पुसली. नाव वाचलं, ओठ हलताना मला दिसले. मग खालचा शब्द वाचला. बराच वेळ वाचला. बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि हे वाक्य माझ्याविषयी पहिल्यांदाच लिहिलं जातंय.

“नाव बरोबर घातलंय,” ताई म्हणाल्या, आणि पाटी गजांतून परत दिली.

“मॅडम, तुम्ही स्वतः त्या ठरावाच्या विरोधात होतात ना?”

“होते.”

“मत समसमान पडलं होतं.”

“पडलं होतं.”

“मग तुमच्यावर बंधन कसलं? पूजेत लोक काय वाटेल ते बोलतात. तो काय कायदा झाला?”

“नारळ फोडायच्या आधी नाही म्हणायचं होतं,” ताई म्हणाल्या. “कोणी म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. माझाच आवाज सगळ्यांत मोठा होता, विचारा हिला.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. याबाबत दुमत शक्यच नव्हतं.

साहेब हुशार माणूस. ते म्हणाले, ठराव आवारापुरता आहे, आपण बाहेर बसू. समोरच्या चहावाल्याकडे खुर्च्या टाकू, लोक तिथे येतील, नियमही मोडला नाही आणि दिवाळीही साधेल. हे ऐकून मला क्षणभर भीती वाटली, कारण हे बरोबरच होतं. सेक्रेटरींनी गेटाच्या बाहेरचा विचार केलाच नव्हता. पाटबंधारे खात्यात हद्दीबाहेर कोणी बघत नाही.

ताईंनी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीकडे पाहिलं. मग गेटाकडे पाहिलं. मग हातावरचं वाळलेलं पीठ खरवडलं.

“देव काय गेटाच्या आत कुलूप लावून ठेवलाय आम्ही?” त्या म्हणाल्या. “पत्र आणा.”

साहेबांनी पाटी खोक्यात घातली. पेढेही परत नेले. त्याचं आमच्या बिल्डिंगीला जास्त वाईट वाटलं. गाडी नाक्यावरून वळेपर्यंत ताई गेटाशी उभ्या होत्या. मग कडी सोडली आणि जिना चढायला लागल्या. मी मागे मागे. आमचा जिना इतका अरुंद आहे की दोन माणसं शेजारून चढूच शकत नाहीत. एवढ्या वर्षांत एकमेकींशी जे काही बोललो ते एकीने दुसरीच्या पाठीशीच बोललेलं आहे.

तिसऱ्या मजल्यावर आल्यावर त्यांनी आपलं दार ढकललं. आतून करपलेल्या चपातीचा वास आला. त्यांनी दार उघडंच ठेवलं. मी माझ्या उंबऱ्यावर थांबले.

“ताई,” मी म्हटलं, “आणि उद्या तो खरंच ते पत्र घेऊन आला तर?”

त्या तव्यावरची काळी चपाती उलथन्याने काढत होत्या. मागे न वळताच म्हणाल्या,

“आणल्यान तर लावू.”